नैवेद्याचा खवा

"आधी माझ्या तोंडात, मगच तुमच्या पिशवीत."

सारजाबाईचं हे बोलणं सोलापुरात होटगी रस्त्याच्या कडेच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. दुकान ते केवढं? दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण त्या खोलीत खायचं म्हणून जे जे होतं, ते सारजाबाईच्या जिभेवरून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे. शेंगाचटणीचा नवा डबा उघडला की पहिली चिमूट तिच्या तोंडात. खवट लागली तर सगळा डबा आल्या वाटेनं परत. कडक भाकरीची चवड आली की मधलीच एक काढून ती मोडायची आणि मोडतानाचा आवाज कान देऊन ऐकायची. पावाची लादी दारातल्या उन्हाला धरून निरखायची. दुधाच्या पिशव्या आल्या की एक फोडून घोटभर दूध गॅसवर चढवायची, ते फाटत नाही असं बघायची, थोडं पिऊन बघायची, आणि मग बाकीच्या पिशव्यांना हात लावू द्यायची.

"अहो, पिशवीवर तारीख छापलीया की," असं कुणी म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं. "तारीख छापणारा गारेगार खोलीत बसून छापतोय. आपल्या गल्लीतलं ऊन त्याच्या अंगाला लागलंय का कधी?"

लोक हसायचे. "सारजाबाई, दुकान चालवाया बसलाय का जेवाया?" असं विचारायचे. तीही हसायची. पण हसतानाही तिचा हात कुठल्या तरी डब्याच्या झाकणावरच असायचा.

पिंकीला मात्र त्या बोलण्याची धास्ती होती. पिंकी तिची सून. मुलगा इंद्रजीत पुण्याला कंपनीत, सणावाराला येणारा. दुकानात या दोघीच. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं दह्याचं भांडं तिच्यापुढं केलं होतं. "सांग बघू, आजचं का कालचं?" पिंकीनं चाटलं आणि "आजचं" म्हणाली. ते परवाचं होतं. सासू रागावली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं पिंकीच्या पोटात कायमचं घर करून बसलं. तेव्हापासून चव घ्यायची सासूनं आणि वजन करायचं पिंकीनं, अशी वाटणी झाली. आपली जीभ मुकी आहे, हे पिंकीनं मनाशी धरलं ते धरलंच.

सासू अशी का, हे तिला मागच्या गल्लीतल्या म्हाळसाबाईनं एकदा सांगितलं होतं. सारजाबाई जेऊरची. ती लहान असताना भावकीतल्या एका लग्नात बासुंदी उतरली, आंबूस झाली. घरच्यांनी ती पुन्हा उकळली, वर वेलदोडा घातला आणि पंगतीला वाढली. तिचा धाकटा भाऊ वाटी बोटानं पुसून पुसून चाटत होता.

"संध्याकाळी गाडी जुंपून करमाळ्याच्या दवाखान्याला निघाले," म्हाळसाबाई म्हणाली. "गाडी पोचली, पोरगं न्हाय पोचलं. तवापासनं बाईच्या नाकाला झोप न्हाय बघ."

म्हाळसाबाई सांगोल्याकडची. मेंढरं दिराच्या हवाली करून शहरात आलेली. मुलगा माउली रिक्षा चालवायचा. सून सृष्टी, आणि त्या दोघांना किती तरी वर्षांनी झालेली एकुलती मुलगी राजनंदिनी. त्या मुलीसाठी म्हाळसाबाईनं बिरोबाला नवस बोलला होता : पोरीचं जावळ तुझ्या दारात काढीन, खव्याच्या पोळ्यांचा नैवेद्य दाखवीन आणि सगळ्या वस्तीच्या पोरांना वाढीन. यंदा वैशाखात तो दिवस ठरला. खव्याचं सारजाबाईला सांगून ठेवलं होतं. खवा यायचा वैरागहून, पिंकीच्या मामाच्या भट्टीवरून. प्रभूमामा आदल्या दिवशी खवा आटवायचा आणि पहाटेच्या एसटीला डबा लावून द्यायचा.

त्या दिवशी डबा आणायला पिंकीच स्टँडवर गेली. गाडी उशिरा आली. डबा ड्रायव्हरच्या मागं, इंजिनाच्या बाजूला ठेवलेला होता. तिनं तो उचलला आणि तिच्या तळहाताला चटका बसल्यासारखं झालं. डब्याचं बूड गरम होतं. नुसतं कोमट नाही, गरम.

सांगावं का आत्याला? सासूला ती आत्याच म्हणायची. वाटेत रिक्षात डबा मांडीवर घेऊन ती हेच घोळवत होती. मामाचा माल पहिल्यांदाच नवसाला लागत होता. आत्या डबा परत धाडणार. परत धाडताना काही बोलली नाही तरी बघणार. आणि ते बघणं आता एकट्या पिंकीवर नाही, तिच्या माहेरावर पडणार. जाऊ दे, तिनं स्वतःला समजावलं, आत्या चव घेईलच की. वाईट असला तर कळेलच. आपण कशाला आधी तोंड उघडायचं?

दुकानात पोचली तर म्हाळसाबाई वाटच बघत बसलेली. कपाळाला भंडारा, हातात घासून लख्ख केलेलं पितळी पातेलं.

सारजाबाईनं डबा पुढं ओढला आणि सवयीनं बोट सरसावलं. म्हाळसाबाईनं तिचा हात धरला.

"ओ सारजाबाई, नैवेद्याचा हाय ह्यो. आज तुमची जीभ आत ठिवा."

"न्हाय लावत जीभ. वास तरी घिऊ द्या की."

"वास घेतला की उष्टा झाला. देवाच्या आधी तुमी हुंगणार व्हय? बिरोबाला काय सांगू, सारजाबाईनं पास केलाय म्हणून?"

दारात उभी असलेली माणसं खळखळून हसली. सारजाबाई हसली नाही. तिचा हात झाकणावर थांबला होता आणि बोटं जराशी हलत होती. ती पण देवाधर्माची बाई. नैवेद्य हुंगायचा नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी तिनं डोक्यावरचा पदर ओढून नाकातोंडावर घेतला, मान एका बाजूला फिरवली, श्वास कोंडला आणि गोळा सुरीनं मधोमध कापला.

पिंकी तिच्या मागं उभी होती. डबा गरम होता, आत्या. एवढंच म्हणायचं होतं. तिनं तराजूचं पारडं पुसायला घेतलं.

"उरलेला बी तसाच ठिवा," म्हाळसाबाई पातेलं झाकत म्हणाली. "पोळ्या कमी पडल्या तर भावजींना धाडीन. तवर त्याला हात लावू नगा."

उरलेला अर्धा गोळा डब्यासकट फ्रीजमध्ये गेला.

त्या दिवशीचं ऊन सोलापूरच्या माणसालाही सोसवेना असं होतं. रस्त्यावर कुत्रं नाही. पत्रा तापून टकटक वाजत होता. लाईट दोनदा गेली आणि आली. सारजाबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुणी साखर मागितली तर ती मीठ काढायची. मधेच उठून फ्रीजपाशी जायची, दारावर हात ठेवायची आणि परत येऊन बसायची.

"इतक्या वर्षांत एक डबा असा गेला न्हाय माझ्या हातनं," ती स्वतःशीच म्हणाली. "देवाचा हाय म्हणून गप बसले."

सासू भ्यालेली पिंकीनं कधी पाहिली नव्हती. मोडकं दार, चोर, पोलीस, इंद्रजीतचा अपघात झाला तो दिवस, कशालाच ती बाई डगमगली नव्हती. आज ती एका बंद डब्याला भीत होती. आणि तिच्या भीतीत किती खरं आहे, हे एकट्या पिंकीला ठाऊक होतं.

उन्हं कलली तेव्हा म्हाळसाबाईचा दीर बिरप्पा आला. लाल पटका, पिवळं कपाळ, आवाज माळावरच्या माणसाचा.

"कापूर द्या. अन् खवा लागत न्हाय आता. पोळ्या रगड झाल्या. नैवेद्य गेला बी देवळाकडं."

तो पायरी उतरला न उतरला तोच सारजाबाई फ्रीजकडं गेली. डबा काढला. चिमूटभर खवा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

पिंकी तिच्या तोंडाकडं बघत होती. आधी काहीच झालं नाही. मग तिनं खवा तळहातावर थुंकला आणि त्या हाताकडं अशी बघत राहिली, जणू त्यात काही जिवंत आहे.

"पिंके," ती म्हणाली, आणि आवाज लहान मुलीचा निघाला. "पळ. तू फुडं पळ. कुणाला खाऊ देऊ नगंस."

फ्रीजचं दार उघडं, दुकान उघडं, गल्ला उघडा. पिंकी पळाली.

बिरोबाचं देऊळ वस्तीच्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली. पळताना तिला स्वतःच्या पायांचा आवाज ऐकू येत नव्हता, नुसती छाती वाजत होती. देवळासमोर सतरंजी अंथरलेली. त्यावर ओळीनं पोरं, प्रत्येकापुढं पत्रावळ. कापूर जळून गेलेला. दुरडीत पोळ्यांची चवड, वर तूप, आणि वेलदोडा-जायफळाचा असा घमघमाट की पिंकीच्या तोंडाला त्या भीतीतही पाणी सुटलं. त्या वासाखाली दुसरा कुठला वास असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बिरप्पा दुरडी कमरेवर घेऊन वाढायला निघाला होता.

पिंकी सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही.

"ये ये, बस की," म्हाळसाबाई म्हणाली. "धावत आलीस व्हय परसादाला? आमी काय संपवत न्हाय!"

बायका हसल्या. पिंकी नुसती हात हलवत होती. पहिल्या पत्रावळीवर पोळी पडली. पोरानं हात पुढं केला. पिंकीनं वाकून ती पोळी उचलून घेतली. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं आणि हसणं थांबलं.

"आगं ए! परसाद हिसकावतीस लेकराचा?" बिरप्पा कडाडला.

तेवढ्यात मागून सारजाबाई आली. धाप लागलेली, पदर खांद्यावरून घसरलेला, एक चप्पल वाटेतच राहिलेली.

"वाढू नगा," ती म्हणाली. "पहिली मला द्या."

"पहिली पोरीला दिली की," म्हाळसाबाई म्हणाली. "नवस तिचा, घास तिचा."

सृष्टीच्या मांडीवर राजनंदिनी बसली होती. नुकतं काढलेलं जावळ, डोक्याला हळद फासलेली, ओठांना तूप. हातात पोळीचा तुकडा घेऊन ती तो चोखत होती.

सारजाबाईनं तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सगळे बघत राहिले. ती चावत होती, हळू, डोळे मिटून, जशी रोज चावायची तशी. लिंबावर चिमण्या ओरडत होत्या.

"खवा उतरलाय," ती म्हणाली. "किती खाल्ली हिनं?"

"अर्धी," सृष्टी म्हणाली. "का वो आज्जी? काय झालं?"

"काय झालं न्हाय!" बिरप्पा मध्येच बोलला. "देवाला दाखवलेली पोळी हाय. देवानं घेतली, त्याला काय झालं न्हाय, अन् हिलाच आंबट लागली?"

"देव नुसता बघतो, बिरप्पा. पोरं गिळत्यात."

म्हाळसाबाईनं एका पोळीची कड मोडून तोंडात टाकली. "मला तर ग्वाड लागतीया. अन् सारजाबाई, खवा दिला कुणी? तुमीच न्हवं? सकाळी चांगला हुता अन् आता वाईट झाला?"

"सकाळी मी बघितलाच न्हाय. तुमी नगं म्हणलासा अन् मी ऐकलं. चूक माझी हाय."

"नवसाच्या दिवशी माझ्या नातीच्या पानाला नाव ठिवता?" म्हाळसाबाईचा आवाज फाटला. "चार लोकांत? मी तुमाला भैन मानली!"

सारजाबाई एकटी उभी होती आणि तिच्याभोवती सगळी वस्ती. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारीच्या जिभंचं खूळ हाय ते. वाढा की." बिरप्पानं दुरडी पुन्हा कमरेवर घेतली.

मग पिंकीला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो इतका मोठा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"डबा गरम हुता!"

सगळी तोंडं तिच्याकडं वळली.

"सकाळी गाडीतनं उतरवला तवा बूड गरम हुतं. मला कळलं हुतं. मी बोलले न्हाय. मामाचा माल हाय म्हणून बोलले न्हाय." हिसकावलेली पोळी अजून तिच्या मुठीत होती. "आत्याला काय म्हायती नव्हतं."

सासू तिच्याकडं बघत होती. तेच ते बघणं. पण त्या घडीला पिंकीला त्याची भीती वाटली नाही, कारण दुसरी भीती त्याहून मोठी होती. ती सृष्टीच्या मांडीवर बसून हळदीच्या डोक्यानं सगळ्यांकडं टुकूटुकू बघत होती.

सृष्टी उठली. पोरगी खांद्यावर टाकली. "रिक्षा काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं सृष्टी, तिला काय झालं न्हाय अजून," म्हाळसाबाई म्हणाली.

"व्हायची वाट बघू व्हय?"

माउलीनं रिक्षा सुरू केली. म्हाळसाबाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग अनवाणीच धावत जाऊन आत चढली. रिक्षा वळणावर गेली आणि तिच्यामागं धूळ तेवढी उरली.

प्रसाद फेकता येत नाही. बिरप्पानं लिंबामागं खड्डा खणला, पटका काढून पोळ्या एकेक करून आत ठेवल्या आणि वर माती लोटली. लोटताना तो देवाकडं बघत नव्हता आणि सारजाबाईकडंही नाही. पोरांना नारळ फोडून खोबरं वाटलं.

माउलीचा फोन आला तो दिवेलागणीला. पोरीला दवाखान्याच्या दारातच उलटी झाली, मग जुलाब. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतायत वेळेवर आणलं, पण सकाळपर्यंत काही सांगत नाहीत.

तोवर सारजाबाईच्या पोटातही पिळा पडायला लागला होता. त्या रात्री पिंकीनं तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तांब्या विसळला, पुन्हा पाजलं. दवाखान्यात चला म्हटलं तर ती ऐकेना. रस्त्यावर रिक्षाचा आवाज झाला की दोघीही दाराकडं बघायच्या. मध्येच सारजाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "डबा गरम हुता तर तितंच सोडून यायचा की, पिंके." काही वेळानं ग्लानीत ती "गाडी पोचली का?" असं विचारत राहिली. कुठली गाडी, हे पिंकीला विचारावं लागलं नाही.

रिक्षा सकाळी आली. पिंकी दुकानाच्या पायरीवर आली आणि खांबाला धरून उभी राहिली. माउली उतरला. सृष्टी उतरली. मग म्हाळसाबाई, आणि तिच्या खांद्यावर ते हळदीचं डोकं. डोकं हललं. हात वर झाला आणि आजीच्या कानातलं ओढायला लागला.

पिंकी आत सांगायला धावली.

थोड्या वेळानं म्हाळसाबाई दुकानात आली. डोळे सुजलेले. पोरगी कडेवरच होती, खाली ठेवायला ती तयार नसावी. सारजाबाई आतून भिंतीला धरत बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघींनीही नजर दुसरीकडं वळवली.

"दुधाची पिशवी पायजे," म्हाळसाबाई म्हणाली. "पोरीच्या पेजंत घालायचं हाय."

पिंकीनं क्रेटमधली पिशवी उचलून पुढं केली. म्हाळसाबाईनं ती घेतली नाही. हात पदरातच ठेवला.

"आधी तुमी घ्या की, सारजाबाई," ती हळूच म्हणाली.

सारजाबाईनं मान हलवली. "माझी जीभ आज मेलीया. रातभर कडू पाणी आलंय तोंडाला. मला काय कळायचं न्हाय." मग सुनेकडं वळून म्हणाली, "पिंके, तू घे."

"मी? आत्या, मला न्हाय कळत! ते दही—"

"घे म्हणते ना."

पिंकीनं क्रेटमधली दुसरी पिशवी फोडून घोटभर दूध गॅसवर चढवलं. आच लहान ठेवली. दूध वर आलं, फुटलं नाही. तिनं वाटीत ओतलं, फुंकर घातली. वाटी ओठांशी नेताना ती तिच्या दातांवर वाजली. म्हाळसाबाई बघत होती. पोरगी बघत होती. सासू मात्र बघत नव्हती, ती कोनाड्यातली पिशवी काढत होती.

पिंकीनं घोट घेतला आणि तोंडात धरला. गोड. मागं काही आहे का? जिभेच्या कडेला, घशाशी? तिनं डोळे मिटले. काही नाही. का आहे, आणि आपल्याला कळत नाही?

"चांगलं हाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

म्हाळसाबाईनं दुधाची पिशवी उचलली.

सारजाबाईनं खव्याचा डबा कापडात बांधून पिशवीत ठेवला. उरलेला अर्धा गोळा त्यात तसाच होता.

"कुटं निघालासा, आत्या? अंगात बळ न्हाय तुमच्या."

"वैरागला. तुझ्या मामाकडं. दहाची गाडी हाय."

"खवा घिऊन?"

"व्हय की. आधी त्येच्या तोंडात." तिनं उरलेल्या एका चपलेला जोड म्हणून पिंकीची एक चप्पल पायात सरकवली. "तू दुकान सोडू नगंस. पाव येतील आता."

ती पायरी उतरली आणि चालू लागली. एक हात पोटावर, दुसऱ्यात डब्याची पिशवी, पावलं सावकाश. कुठल्याच ओट्यावरच्या माणसानं "सारजाबाई, जेवलासा का?" अशी थट्टा केली नाही. म्हाळसाबाई नातीला कडेवर घेऊन आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबली होती, दुधाची पिशवी तशीच हातात धरून. सारजाबाई समोरून गेली तशी पोरीनं हात हलवला. म्हाळसाबाई वळणापर्यंत तिच्या पाठीकडं बघत राहिली.

दुकानाच्या दारातून पिंकीही बघत होती. पावाची गाडी येऊन थांबली, पाववाल्यानं दोनदा हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही. तोंडात दुधाची चव अजून होती, आणि ती जिभेनं तीच पुन्हा पुन्हा चाचपत होती.